गर्जाईची अर्धी पोळी

घाटमाथ्यावर एक लहानसं संस्थान होतं. तिथल्या लोकांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक गर्जाई तोफ, आणि दुसरं ती तोफ ओतणारं ओताऱ्यांचं घराणं.

गर्जाईची गोष्ट तिथलं शेंबडं पोरही सांगायचं. कोणे एके काळी शत्रू घाट चढून येऊ लागला आणि गडावर तर धड तोफच नव्हती. मग बायकांनी घरातले हंडे-कळशा आणून टाकल्या, देवळांनी घंटा उतरवून दिल्या. दादजी ओताऱ्यानं ते सगळं वितळवून तोफ ओतली. त्या तोफेनं शत्रूला असं पिटाळलं की त्यानं पुन्हा घाटाकडे मान वर करून पाहिलं नाही. पुढे लढाया संपल्या. तोफ गडाच्या दारात बसून राहिली आणि लोक तिला शेंदूर लावू लागले.

दर दसऱ्याला तिला पुरणपोळीचा नैवेद्य असे. पोळी ओताऱ्यांच्या घरून यायची; पण तोफेपुढे ठेवायची फक्त अर्धी, आणि उरलेली अर्धी तोफ डागणाऱ्या गोलंदाजाच्या घरच्या माणसानं खायची. आता, देवाला कुणी अर्धा नैवेद्य दाखवतं का? लोक ओताऱ्यांना चिडवायचे, की पितळ ओतता शेराशेरानं आणि पुरण वाटता चिमटीनं. ओतारी म्हणायचे, वाडवडलांची रीत आहे. ती का पडली हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या घरात आता रखमाजी ओतारी होता. हाताचा पक्का आणि तोंडाचाही. त्यानं ओतलेली घंटा वाजली की दोन टेकड्या ओलांडून ऐकू जायची, आणि ती वाजायच्या आधी रखमाजीची फुशारकी ऐकू यायची. "आमच्या घरच्या ओतकामात सुईचं टोक शिरायचं नाही," हे त्याचं पालुपद. दुसऱ्या कुणाची समई दिसली की तो तिच्यावरून बोट फिरवायचा आणि विचारायचा, ही दिव्याला घेतलीत की पीठ चाळायला?

एका वर्षी राजेसाहेबांनी संस्थानाचं संग्रहालय बांधायला घेतलं. जुन्या तलवारी, पागोटी, पालख्या, सगळं तिथे मांडायचं ठरलं. मधल्या दालनाचा मान अर्थातच गर्जाईचा. दसऱ्याला तिचा शेवटचा बार काढायचा आणि मग वाजतगाजत तिला आत न्यायचं, असा बेत झाला. तिला नीटनेटकी करायचं काम रखमाजीकडे आलं. त्याची छाती अशी फुगली की बाराबंदीचे बंद तुटायला आले.

सुतारांनी नवा सागवानी गाडा केला. रखमाजीनं शेंदराचे थर तेल लावून मऊ केले आणि बांबूच्या कामट्यांनी हळूहळू सोलून काढले. धातूला ओरखडा जाऊ नये म्हणून लोखंड जवळ आणलं नाही. मग चिंचेचा कोळ आणि राख. तोफेच्या अंगावरची वेलबुट्टी वर येऊ लागली, तोंडाकडचा वाघ दिसू लागला. लोक पाहायला यायचे आणि कौतुकानं बोटं तोंडात घालायचे. रखमाजी त्यांना सांगायचा, बघा, काय हात होता आमच्या दादजीचा!

सगळ्यात शेवटी तो बुडाकडे आला. तिथे, जिथे दारू ठासून बसते त्या जागी, शेंदराचा शेवटचा पापुद्रा निघाला आणि रखमाजीचा हात थांबला.

तिथे ठिगळ होतं. बंद्या रुपयाएवढं, तांबूस, आसपासच्या धातूहून वेगळं. ओताऱ्याच्या डोळ्याला ते काय हे सांगायला नको. ओतताना रसात हवा अडकली होती, पोकळी पडली होती आणि नंतर कुणीतरी ती बूच मारून बुजवली होती. कुणीतरी म्हणजे कोण? शेजारीच घंटेची खूण कोरलेली होती. ती तर ओताऱ्यांच्या घरची खूण! त्या खुणेखाली एक अर्धगोलही कोरलेला होता. त्याचा अर्थ त्याला लागला नाही, आणि लावायला डोकंही ताळ्यावर नव्हतं.

साऱ्या संस्थानानं डोक्यावर घेतलेलं ओतकाम, आणि त्यालाच ठिगळ. उद्या लोक बोट फिरवून विचारतील, ही तोफ आहे की चाळण? रखमाजीला घाम फुटला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, लाख वितळवली, तीत पितळेचा कीस कालवला आणि ठिगळ, घंटा, अर्धगोल, सगळं लिंपून टाकलं. वरून असं घासलं की जागा त्याची त्यालाच सापडेना. काम अप्रतिम झालं होतं. आपल्या कामाकडे बघायची इच्छा होऊ नये, असं मात्र त्याच्या जन्मात पहिल्यांदाच झालं.

दसरा उजाडला. गडाच्या दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गर्जाई नव्या गाड्यावर झळकत होती, गळ्यात झेंडूची माळ. राजेसाहेबांनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, खरंच, सुईचं टोक शिरायचं नाही. रखमाजीनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, चला, दसऱ्याच्या मुहूर्तावर ओतारी विनय शिकला.

तोफेशेजारी हसन गोलंदाज उभा होता. त्याच्या पणजोबांच्या पणजोबांनी गर्जाईला बत्ती दिली होती. हसनच्या हाती मात्र आजवर राजवाड्यावरच्या लहान सलामीच्या तोफाच आल्या होत्या. तो आणि रखमाजी लहानपणी एकाच ओढ्यात डुंबलेले. आज हसनचा आनंद अंगात मावत नव्हता. राजेसाहेबांनी सांगितलं, बार असा काढा की शेजारच्या संस्थानात भांडी पडली पाहिजेत. गर्जाईला पोटभर दारू घाला.

रीतीप्रमाणे रखमाजीनं अर्धी पोळी तोफेपुढे ठेवली आणि अर्धी हसनच्या हातात दिली. दारूच्या थैल्या आणल्या जात होत्या. पोटभर दारू, आणि बुडाशी बूच. ते उडालं तर कुणाच्या छातीत जाईल, हे त्याला दिसत होतं. बोललं तर घराण्याचं नाव गेलं. न बोललं तर हसन गेला. आणि हा हसन शेजारी उभा राहून खुशाल विचारत होता, की वहिनींनी यंदा पुरणात जायफळ जास्त घातलंय का?

रखमाजी पुढे झाला.

"सरकार, पोटभर दारू घालू नका. तोफेत खोट आहे."

राजेसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "खोट कुणाची?"

"आमच्या दादजीची. आणि झाकली मी."

मग त्यानं निखारा मागवला, लाख तापवली आणि सगळ्यांच्या देखत कामटीनं खरवडून काढली. ठिगळ उघडं पडलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणी हसलंसुद्धा. रखमाजीनं ते ऐकून घेतलं. त्याला लाज वाटत होती, आणि तरी छातीवरचा धोंडा उतरला होता.

हसन वाकून पाहत होता. त्याच्या हातातली अर्धी पोळी तशीच होती. तो एकदा पोळीकडे पाही, एकदा तोफेकडे. मग त्यानं ती पोळी उचलून कोरलेल्या अर्धगोलाशेजारी धरली.

"रखमाजी, ही तर पोळी आहे," तो म्हणाला. "हिला अर्धंच वाढा म्हणून सांगून गेलाय तुझा दादजी."

मग म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या माना हलू लागल्या. घाटात शत्रू, हाताशी वेळ नाही, पुन्हा ओतायला गावात भांडं उरलेलं नाही. दादजीनं पोकळी बुजवली, पण लपवली नाही. तिच्याशेजारी स्वतःच्या घराची खूण कोरली, दारूचं मापही कोरलं. कोरलेलं वाचायला कुणी उरेल न उरेल म्हणून ते माप नैवेद्यात घालून ठेवलं. अर्धी पोळी तोफेला आणि अर्धी गोलंदाजाला, म्हणजे जो दारू भरणार त्याच्या पोटातच ती आठवण राहावी. गर्जाईनं सारी लढाई अर्ध्या पोटी मारली होती आणि एकाही गोलंदाजाला इजा झाली नव्हती. शेंदूर चढवता चढवता लोकच ते विसरले होते.

राजेसाहेबांनी अर्ध्या मापाचा हुकूम दिला. हसननं दारू ठासली. रखमाजी त्याच्या खांद्याला खांदा लावून, त्या ठिगळाच्या अगदी जवळ उभा राहिला. हसननं दूर हो म्हणून सांगितलं, पण तो हलला नाही. बत्ती लागली. गर्जाई अशी गरजली की दऱ्यांनी तो आवाज एकमेकींकडे फेकत नेला, आणि गडावरची कबुतरं संध्याकाळपर्यंत खाली उतरली नाहीत. शेजारच्या संस्थानात भांडी पडली की नाही देव जाणे, पण इथल्या लोकांचे डोळे भरून आले.

राजेसाहेबांनी तोफ दालनात अशी बसवली की आत येणाऱ्याला आधी ठिगळ दिसावं आणि मग वाघ. रखमाजी म्हातारा होईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत राहिला. फुशारकी त्याची काही गेली नाही हो, मूळ स्वभाव तो! फक्त आता तो पोरांचं बोट धरून त्या तांबूस ठिगळावर ठेवायचा आणि छाती काढून सांगायचा, "हे आमच्या घरचं काम."

तात्पर्य: खोट कुणाच्याही हातून राहून जाते. ती झाकल्यानं नाव राहत नाही. जो ती आपली म्हणून दाखवतो आणि दुसऱ्याला सावध करतो, त्याचंच नाव पिढ्यांना मिरवता येतं.