तांबोळी सरांची खुर्ची

"...मग सांगा ना सर, काय कमी आहे यात?"

उन्मेष कुंभोजकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. तांबोळी सर नुसते बघत उभे होते.

लंडनच्या गॅलरीतलं ते पांढरंशुभ्र दालन. मधोमध एक लाकडी खुर्ची, एक हात मोडलेली. तिच्या भोवती जमिनीवर पेन्सिलीच्या सालांचा बोटभर थर, पार भिंतीपर्यंत पसरलेला. अलीकडे गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेला दोर. बाहेर पाटी लावली होती, 'सर नाहीत'.

उन्मेषनं मांडलेल्या या इन्स्टॉलेशनला तिथल्या पेपरांनी डोक्यावर घेतलं होतं. लोक दोरापाशी उभे राहून चक्क डोळे पुसायचे. अकरा वाजता बक्षिसाचे परीक्षक यायचे होते. बक्षीस मिळालं असतं तर एका मोठ्या संग्रहालयात ही खुर्ची कायमची राहिली असती.

आणि गंमत बघा, ज्यांच्या नावानं एवढं रडं चाललं होतं ते सर ठणठणीत! गडहिंग्लजच्या हायस्कूलमधले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. लेकीच्या बाळंतपणासाठी बायकोसोबत इंग्लंडात आले होते. लेकीनं पेपरात फोटो बघितला आणि फोन लावून दिला. उन्मेषनं इथे आल्यापासून अकरा वर्षांत एकदाही लावला नव्हता. आता बोला!

फोन आला तेव्हा त्याला लाज वाटली, नाही असं नाही. पण परीक्षकांच्या आधी सरांनी एकदा 'बरं आहे' म्हणावं, असंही फार वाटलं. सर 'बरं आहे'च्या पुढे कधी कुणाला काही म्हणालेच नव्हते.

सर वाकले. दोराखाली हात घालून त्यांनी एक साल उचललं, नाकाशी नेलं.

"शार्पनरची आहेत."

"हो सर. बारा पोती. दोन वर्षं शाळाशाळांतून गोळा केली."

"आपण ब्लेडनं तासायचो."

"...हो."

उन्मेष घड्याळाकडे बघायला लागला.

"खुर्ची कुठली रे ही?"

"तुमचीच की, सर! आपल्या ड्रॉइंग हॉलमधली. शाळेनं भंगारात काढली होती, भावाला सांगून मिळवली आणि जहाजानं मागवली. हिच्यात बसून तुम्ही आम्हाला शिकवायचा."

"मी?"

"मग काय तर!"

"उन्मेषा... मी कधी रे बसलो खुर्चीत?"

उन्मेष हसला. वय झालं, विसरले असतील, दुसरं काय. आणि मग ते हसू तोंडातल्या तोंडातच राहिलं.

सरांचा पायजमा त्याला आठवला. गुडघ्यांवर कायम मळलेला. का, तर सर सगळा तास जमिनीवर पोरांमध्ये मांडी घालून बसायचे. याच्या मागे जाऊन बघ, त्याच्या शेजारी गुडघ्यांवर सरक, असं त्यांचं चाललेलं असायचं. खुर्ची समोर असायची ती मॉडेलसाठी.

"आज उन्मेष बसेल," सर म्हणायचे.

बाकीची पोरं जळायची. हा ऐटीत जाऊन बसायचा, आणि चाळीस पोरं त्याचं चित्र काढायची. महिन्यातून तीनदा, चारदा. एवढ्या पोरांत त्यालाच का?

त्या त्या दिवशी त्याच्याकडे कागद नसायचा.

सर दारातच पोरांच्या हातांकडे बघून घ्यायचे. हे त्याला आज कळलं, चाळिशी जवळ आल्यावर. मुलाखतींत सांगून सांगून सरांची खुर्ची त्याचं त्यालाच खरी वाटायला लागली होती. आपण तिच्यातून कधी उठलो, याचा त्याला पत्ताही नव्हता.

"सर... बाहेरची पाटी चुकली माझी. खुर्चीत नाही तो मी."

गुडघ्यावर हात टेकून, "या अल्ला" म्हणत सर सावकाश खाली बसले. दोराच्या अलीकडे, थंडगार फरशीवर मांडी घालून.

दालनाची राखण करणारी ग्लेनिस धावत आली. "आजोबांना बसायला खुर्ची आणू का?"

उन्मेषनं मराठीत सांगितलं.

"नको म्हणावं. आहे की."

सरांनी कापडी पिशवीतून चित्रांची वही काढली. एक पेन्सिल काढली, ब्लेडनं तासलेली. तिच्या टोकानं त्यांनी समोर दाखवलं.

"जा."

"सर, आत कुणी जायचं नसतं. सालं तुडवली जातील... परीक्षक आत्ता येतील, सर."

सर वही उघडून थांबले. वर्ग गप्प होईपर्यंत थांबायचे, तसेच. ओरडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

बाहेरच्या जिन्यावर बुटांचे आवाज यायला लागले. कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

उन्मेषनं दाराकडे बघितलं. फरशीवर टेकलेल्या सरांच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग त्यानं खाली बसून बूट काढले, मोजे काढले आणि दोर ओलांडला.

"मिस्टर कुंभोजकर!" ग्लेनिस किंचाळली.

सालं पायाखाली करकरली. दोन वर्षं जपलेल्या त्या थरात खुर्चीपर्यंत त्याच्या पावलांची वाट पडली. तो बसला. खुर्ची डुगडुगली, तेव्हाही डुगडुगायची.

पाचही परीक्षक दारातच थबकले. फक्त वहीवर पेन्सिल फिरल्याचा आवाज येत होता.

उन्मेषच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुसायला त्यानं हात उचलला...

"हात खाली," सर म्हणाले. "हलू नकोस."