भोक पडलेला रुपया

नाणी अजून माणसांशी बोलत असत, त्या काळी जुन्या नाण्यांच्या बाजारात चांदीचा एक रुपया आला. तसला दुसरा कुठेही उरला नव्हता. संग्राहकांची झुंबड उडाली, आणि रुपयाच्या कडेला पाडलेलं भोक दिसताच ओसरलीही.

"अरेरे, पार वाट लावली! काय अडाणी लोक!" एकाने नाक मुरडलं.

जिवाजीशेठ मात्र हसले. "त्यात काय एवढं? माझा सोनार चांदी भरून असं बुजवेल, की कुणाला पत्ता लागणार नाही."

तसा रुपया ताटात खणकन उभा राहिला.

"खबरदार हात लावाल तर! तान्ह्या लेकराच्या गळ्यात बांधायला एका आईने हे भोक पाडून घेतलं. पुढे नवा राजा आला आणि जुने रुपये आटवायचा हुकूम सुटला. शिपायांनी घरोघर फिरून माझी सगळी भावंडं भट्टीत घातली. आमच्या घरीही आले. पेटीतले रुपये त्या बाईने मुकाट दिले. पण शिपायाने लेकराच्या गळ्याला हात घातला, तशी ती विळा घेऊन उभी राहिली. शिपाई मागे फिरले. म्हणून मी उरलो, आणि म्हणून तुम्ही मला दुर्मिळ म्हणता!"

शेठ चाचरत म्हणाले, "पण भोक बुजलं, तर तुला मखमलीत बसवीन रे."

"बुजवायचंच असेल तर सरळ भट्टीत टाका," रुपया म्हणाला. "त्या शिपायांचं राहिलेलं काम तरी तुमच्या हातून पुरं होईल."