कापणीच्या सणातली तांबडी कोंबडी

"बाई, यंदा अख्खा लिलाव मीच घेतला! आता तरी म्हणाल ना शाबास?"

सलोमी थोरातचा आनंद गगनात मावत नव्हता. कापणीचा सण होता. मंडळीने देवाला वाहिलेल्या भोपळ्यांचा, लिंबांचा, कोंबड्यांचा चर्चच्या अंगणात पाळकसाहेबांनी नुकताच लिलाव केला होता, आणि सलोमीने एकही वस्तू दुसऱ्याच्या हाती जाऊ दिली नव्हती. मसाल्याच्या कारखान्याची मालकीण ती. सगळी कमाई प्रभूची असं म्हणायची, आणि मनापासून मानायचीही.

दीनाबाईंनी तिला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवलं होतं. त्यांच्या तोंडून शाबासकी निघावी, म्हणून तिचा जीव आजही आसुसलेला असे.

"ती राहेल काय करतेय गं?" दीनाबाईंनी विचारलं.

राहेल सलोमीच्याच कारखान्यात मिरच्या निवडायची.

"पदराला पैसे परत बांधतेय."

"येतानाही बांधलेलेच होते, तसेच परत चाललेत…"

"अगं बाई! लिलावासाठी आणले होते का? राहू दे म्हणावं तिला. तिच्या वाटचंही मीच देते!"



दीनाबाई एकदम उठल्या. "पाळकसाहेब, लिलाव पुन्हा मांडा! घेतलेलं परत वाहायची रीत आहे आपली. काय गं, वाहतेस ना?"

"वाहते की!" सलोमीला तर स्फुरणच चढलं. "आता दुप्पट बोली लावते, बघाच तुम्ही!"

पाळकसाहेबांनी भोपळा उचलला. सलोमीचा हात वर जाणार, तोच दीनाबाईंनी तांबड्या कोंबडीच्या पायाची दोरी सोडली आणि कोंबडी तिच्या कवेत दिली.

"धर. दोन्ही हातांनी."

कोंबडी फडफडली, पिसं उडाली. सलोमीला हात काही सोडवता येईना.



मागून कोणीतरी चाचरत बोली लावली. दुसरीने चढवली. तिसरी तर उभीच राहिली. बघता बघता एकच गलका उडाला.

"लिंबं माझी!" राहेल ओरडली. पदराची गाठ सोडताना ती हसत होती. कारखान्यात सलोमीने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

सलोमीचे डोळे भरून आले.

"बाई, माझा जीव वरखाली होतोय! मी कधी द्यायचं?"

"देतेयस की… कोंबडी सोडू नकोस."