टोपी सकाळी काढतो

केद्या, फोन ठेवू नकोस हं! कोर्टाच्या गेटबाहेर उभा आहे. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागणार नाही. ऐक फक्त.

"आबा, तुम्ही पन्नास वर्षं लोकांना बेड्या घालायच्या धमक्या दिल्या. तुमच्यावर एक केस नाही. मी दोन ओळी लिहिल्या तर थेट गुन्हा. का?"

हे मी विचारलं गेल्या गुरुवारी. म्हाळूआबांना. अरे ते रे, आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर लेकीकडे राहतात ते. बहुरूपी. खाकी ड्रेस, टोपी, छातीवर बिल्ला, असे गावोगाव फिरायचे. दारात उभं राहून दणकवायचे, "तुमच्या कोंबडीनं सरकारी रस्त्यावर अंडं घातलंय! वॉरंट आहे! चला चौकीवर!" घरातली बाई आधी दचकायची, मग पदर तोंडाला लावून हसायची, आणि सुपातून जोंधळे घेऊन यायची.

सहा महिने झाले, मी त्यांच्याकडे जातोय. लोकांसमोर उभं कसं राहायचं ते शिकायला.

आबा शेंगा सोलत होते.

"काय लिहिलंस ते वाच."

तुला माहितीये, तरी सांगतो. मार्च महिन्यात आमच्याकडे सलग नऊ दिवस पाणी नव्हतं. मी सोमवारी संध्याकाळी माझ्या जोक्सच्या पेजवर टाकलं: "उद्या सकाळी सहाला मोतीबाग टाकीवर येतोय. व्हॉल्व्हपाशी जो असेल त्याला टाकीत बुडवणार. घरच्यांना सांगून ठेवा."

आबांनी मान वर केली नाही. "हसायचं कुठंय यात?"

"ते दुसऱ्या पोस्टमध्ये आहे ना आबा!"

"वाच."

"आलो होतो. परत गेलो. टाकी कोरडी ठणठणीत. बुडवायलासुद्धा पाणी लागतं हो साहेब!"

आबा असे हसले, असे हसले, मांडीवरचं ताट पालथं! शेंगा पार कॉटखाली. लेक आतून बघायला आली.

मग डोळे पुसत म्हणाले, "मधे किती वेळ होता?"

"पंधरा तास. मुद्दाम आबा. सस्पेन्स! लोक विचार करत बसले पाहिजेत ना."

"बसले?"

...

लोक नाही बसले रे. जालिंदरमामा बसले. टाकीवर पाणी सोडतात ते, लोखंडी चावी घेऊन. पहिली पोस्ट फॉरवर्ड होत होत त्यांच्या मुलीच्या फोनवर गेली. दुसरी गेलीच नाही. धमकी अख्ख्या वॉर्डात फिरली आणि विनोद माझ्या पेजवर बसून राहिला, चाळीस लाइक घेऊन. मामा तीन दिवस टाकीकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी पोलिसात तक्रार. पाणी खात्याच्या साहेबांनी तर ती आनंदाने पुढे रेटली. त्यांना मी आधीपासूनच खुपत होतो.

"पण मी मामांना बोललोच नव्हतो आबा! मी साहेबांना..."

"व्हॉल्व्हपाशी साहेब असतो?"

मी चिडलो. खरं सांगतो, जाम चिडलो. म्हटलं, "आबा, मला बोलायचा हक्क आहे. समोरचा घाबरट निघाला तर तो माझा गुन्हा कसा?"

आबा उठले. कॉटखालची ट्रंक ओढली. खाकी टोपी काढली, झटकली, डोक्यावर ठेवली.

केद्या, माणूस बदलला रे. मान, आवाज, सगळं.

"नाव?"

"आबा, काय हे..."

"नाव विचारलं."

मी नाव सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही.

"वॉरंट आहे. उद्या उचलणार. आईला सांगून ठेव."

मी हसलो. ते हसले नाहीत.

अरे, मला ठाऊक आहे ना, त्यांचा बिल्ला तुपाच्या डब्याच्या झाकणाचा आहे. ठाऊक आहे, ही टोपी त्यांच्या नातीच्या गॅदरिंगला जाऊन आलीये. तरी... लेकीने चहा ठेवला. त्यांनी पाहिला नाही. माझ्याकडेच बघत होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. बाहेर भंगारवाला ओरडून गेला.

"आबा, बास आता. टोपी काढा."

"सकाळी काढतो."

...

शर्ट पाठीला चिकटला माझा.

मग त्यांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली. पुन्हा आपले म्हाळूआबा.

"दोन मिनिटात घामाघूम? पंधरा तास काढायचे होते की राव."

मी रुमालाने मान पुसली.

"उंबरा सोडायच्या आधी टोपी काढायची. आमच्या बापानं पहिली ही गोष्ट शिकवली. सोंग नंतर."

"तुम्ही कधी विसरलात?"

"एकदा."

"मग?"

आबा खाली वाकून शेंगा गोळा करायला लागले...

थोड्या वेळाने मी खिशातून कागद काढला. वकिलांनी दिलेला. साहेबांच्या बाजूने आलेला मसुदा होता. दोन्ही पोस्ट काढून टाकतो आणि यापुढे पाणी खात्यावर कधीही काहीही लिहिणार नाही, असं लिहून सही करायची, मग साहेब मामांना तक्रार सोडायला सांगणार म्हणे. घरी आई सकाळ-संध्याकाळ तेच म्हणत होती, कर बाबा सही, नोकरी लागायचीये तुझी.

म्हटलं, "म्हणजे मी चुकलोच ना? करून टाकतो सही."

आबांनी कागद हातभर लांब धरून वाचला. घडी घातली. माझ्याच खिशात परत कोंबला.

"यावर सही केलीस, तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

"अहो, मग करू काय?"

"टोपी कुणाच्या दारात काढायची राहिली ते बघ."

शुक्रवारी सकाळी सहाला मी टाकीवर. पोस्टमध्ये लिहिली होती तीच वेळ! जालिंदरमामा होते, सोबत मेहुणा. त्या दिवसापासून एकटे येतच नाहीत ते. मी दहा पावलं लांब थांबलो.

"मामा, तो मीच."

मामांनी चावी उचलली. चार फुटी लोखंडी चावी आहे ती, केद्या! मेहुणा म्हणाला, "दाजी, थांबा. आधी बोलू द्या, मग हाणू."

मी दोन्ही पोस्ट म्हणून दाखवल्या. एका दमात, आबांनी शिकवलेल्या आवाजात. शेवटची ओळ टाकीकडे हात करून.

कोणी हसलं नाही.

मामांनी टाकीकडे पाहिलं. "कोरडी होती रे," ते म्हणाले. "पंप जळालाय म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं साहेबांना." मग मेहुण्याकडे वळले. "बुडवायलासुद्धा पाणी लागतं म्हणतो." आणि सुटले की दोघं! चावीवर रेलून हसत होते.

मग मामा एकदम थांबले.

"पोरगी तीन दिवस शाळेत गेली नाही माझी. बाबाला एकटं सोडत नाही म्हणाली."

...

मी त्यांच्या घरी गेलो. ती सातवीत आहे. तिलाही दोन्ही पोस्ट म्हणून दाखवल्या. हसली नाही ती. म्हणाली, "मग दोन्ही एकत्रच का नाही टाकल्या?" केद्या, वकिलाचा एवढा मोठा अर्ज आहे, पण या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

आणि आता आज! साहेब पुढच्या बाकावर, इस्त्री मारून. वकील कानात म्हणाले, शेवटची संधी, सही कर. मी म्हटलं, नाही करणार. साहेबांनी मामांकडे रोखून बघितलं. मामांची नोकरी त्यांच्याच हातात ना रे.

जजनी मामांना विचारलं, "पोस्ट वाचून भीती वाटली होती?"

"वाटली साहेब."

संपलो, म्हटलं.

"अजून वाटते?"

"नाही साहेब. हा येऊन उरलेलं सांगून गेला. माझी काही तक्रार नाही आता."

"उरलेलं म्हणजे काय?"

आणि केद्या, मामांनी कोर्टात जोक सांगितला! अख्खा! पहिल्या ओळीपासून, जळालेल्या पंपासकट! आणि शेवटी आमच्या साहेबांकडे वळून, हात जोडून, "बुडवायलासुद्धा पाणी लागतं हो साहेब!"

कोर्ट फुटलं. शिपाई दाराकडे तोंड करून हसत होता. टाइप करणाऱ्या बाई म्हणाल्या, "शेवटचं वाक्य परत सांगा." परत सांगितलं त्यांनी! जज फाइलमध्ये मान घालून बसलेले, पण खांदे हलत होते, मी पाहिलं. मग मान वर करून साहेबांना विचारतात, "पंप बसला का?"

साहेब उभे राहिले. आणि मामांकडेच बघायला लागले.

तडजोड नोंदवली, केस संपली. पोस्ट जागेवर आहे. आता दोन्ही एकत्र.

मी धावत बाहेर आलो. आबा लेकीबरोबर गेटजवळच्या कट्ट्यावर बसले होते, मांडीवर पिशवी. मी पाय धरले. एका हातात फोन, एका हातात केसची फाइल, तसाच. म्हटलं, "आबा, जिंकलो! आता कुणाच्या बापाला भीत नाही. बघाच तुम्ही, एकेकाचं नाव घेऊन बोलणार!"

आबांनी पिशवीतून टोपी काढली. माझ्या डोक्यावर ठेवली, जरा तिरकी झाली ती सरळ केली.

मग माझ्या एका हातातून फाइल काढून घेतली. दुसऱ्या हातातून फोन.

"हात मोकळे ठेव."

दोन्ही वस्तू कट्ट्यावर ठेवल्या आणि लेकीच्या खांद्यावर हात टाकून गेले.

मी फोन उचलला, फाइल उचलली आणि तुला लावला. आणि ऐक ना, आत्ता इथे समोर एक रिक्षावाला थांबलाय. माझी टोपी बघून घाबरलाय बिचारा, खिसे चाचपत लायसन्स शोधतोय. एका हातात फाइल आहे, दुसऱ्या हातात तू... टोपी काढू कुठल्या हाताने?

केद्या, तू काय केलं असतंस?