चित्रातली माणसं

जुनी मंडई पाडून तिथे उड्डाणपूल बांधायचं ठरलं आणि लोकांच्या हरकती ऐकायला आयुक्त आले. त्यांनी पडद्यावर नव्या चौकाचं चित्र लावलं. झगझगीत पूल, खाली झाडं आणि कुत्री फिरवणारे गोरे लोक. कुठल्या तरी परदेशी चित्रातून आयते उचललेले.

"यात एक तरी चूक दाखवा, मग बोला," साहेब गुरकावले.

मंडईत बांगड्या विकणाऱ्या द्वारकाबाई कासार उठल्या. "चूक कशी असेल, साहेब? अगदी खरं चित्र आहे. आमच्यातलं एकही माणूस त्यात उरलेलं नाही."

सभागृह हसलं. साहेबांनी सूचना टिपून घेतली.

पुढच्या बैठकीत पूल होता तिथेच होता. त्याच्याखाली नऊवारीतली एक बाई तेवढी आणून चिकटवली होती, हसरी.