परत न गेलेली भांडी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावावर कोणत्या राजाचं राज्य होतं, हेसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही.

त्या गावात एक बाई राहत होती. स्वभावानं प्रेमळ, त्यामुळे शेजारीपाजारी तिला काही ना काही धाडत. कुणी वाटीभर खीर, कुणी पातेलंभर कढी. आणि रिवाज तर तुम्हाला ठाऊकच आहे, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही.

बाईनं हा रिवाज असा काही मनावर घेतला, की काय सांगावं! भांड्यात घालायचं ते साधंसुधं नको, लोकांनी नावाजलं पाहिजे. "अनारसे करीन, मग देईन," ती म्हणायची. अनारसे काही होत नसत आणि भांडी काही जात नसत.

वाट्यांनी फळ्या भरल्या. पातेल्यांनी कोनाडे भरले. मग पराती, हंडे, डबे मागच्या खोलीत जाऊन बसले. नवरा रोज कशाला तरी ठेचकाळायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "अगं, हे घर आहे की तांबटाचं दुकान? देऊन टाक ज्याचं त्याला!"

"रिकामी? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणायचं ते म्हणतच होते. शेजारच्या कोष्टिणीनं तर पातेल्यावाचून कढी करणंच सोडलं होतं. पण बाईला सांगणार कोण? आणि सांगितलं तरी ती ऐकणार थोडीच!

पुढे तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची झाली. "मागची खोली तेवढी मोकळी कर," नवऱ्यानं महिनाभर आधी बजावलं. "करते की," बाई म्हणाली, आणि तिनं अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले. आता काय बोलायचं!

लेक बैलगाडीतून उतरली, तोच तिला कळा सुरू झाल्या. नवरा बाज उचलून खोलीकडे धावला. बाज दारातच अडली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. एक चळत हलवली, तर दुसरी धडाधड कोसळली.

"आई, मी निजू कुठे गं?" भिंत धरून लेक रडत म्हणाली.

शेवटी कोष्टिणीनं येऊन पोरीला धरून आपल्या घरी नेलं. तासाभरात भिंतीपलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं.

बाई धावत गेली, पण कोष्टिणीच्या दारातच थबकली. "कोणत्या तोंडानं येऊ गं? तुझं पातेलं अजून माझ्याकडेच आहे. रिकामं कसं आणू?"

कोष्टिणीनं कपाळावर हात मारला. "अगं बये, रिकामं नको म्हणजे चिमूटभर साखर घालायची! एवढंच असतं ते!"

सगळी भांडी परत करायला एक दुपार पुरली. एक दुपार! खोली लख्ख झाली, तिच्यात वारा खेळू लागला. पण ओल्या बाळंतिणीला दहा दिवस हलवायचं नसतं. नातीची पहिली अंघोळ कोष्टिणीच्या घरी झाली, पाचवीची पूजाही तिथेच झाली. बाई पाहुणीसारखी जायची, घटकाभर नातीला मांडीवर घ्यायची आणि आपल्या मोकळ्या खोलीत परत यायची.

तात्पर्य: ज्या घरात वस्तू वेळच्या वेळी वाटेला लावल्या जात नाहीत, त्या घरात आपल्याच माणसांना जागा उरत नाही.