नदीकडे फिरणारी फिरकी

शाळा लवकर सुटल्यामुळे माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि शब्दही साधेच आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पूर्वी नदीकाठच्या एका नगरात सुदर्भ नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका दोर वळणाऱ्याच्या घरी जन्मला होता. एके सकाळी सुमना कुंभारणीचे एकुलते गाढव विहिरीत पडले. पाणी त्याच्या गळ्याशी आले होते आणि पाय थकत चालले होते. गवताचे दोर भिजून दोनदा तुटले. भिजूनही टिकतो तो बकरीच्या केसांचा दोर, आणि केस होते फक्त कुंडकाकडे.

कुंडक दोर वळणाऱ्यांचा मुखिया होता. हात उत्तम, पण कुणाचे ऐकून घेण्याची सवय नाही. आजवर तो दोराचे दुसरे टोक खुंटीला बांधून एकट्यानेच पीळ देत असे. आज घाई म्हणून त्याने खुंटीच्या जागी बोधिसत्त्वाला उभे केले. दोघांच्या हाती पीळ द्यायच्या, बाभळीच्या वाकड्या फांदीच्या, घरी केलेल्या फिरक्या.

"मी नदीकडे फिरवतो, तूही नदीकडेच फिरव. निम्म्या वेळात होईल."

समोरासमोरची दोन माणसे एकाच बाजूला फिरवू लागली, तर दोर नुसता गरगरतो. पीळ बसत नाही. तसेच झाले.

"मुखिया, दोर वळताय की नाचवताय?" गर्दीतून कुणीतरी विचारले.

"मुखिया, आपण समोरासमोर आहोत, तेव्हा—" बोधिसत्त्व म्हणाला.

"मला शिकवतोस? मग मी केस घेऊन घरी जातो."

विहिरीशी सुमना गाढवाला समजावत होती, "धीर धर रे बाबा. तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

बोधिसत्त्वाने मान खाली घातली. "मुखिया, चूक माझीच आहे. माझा हात जन्मापासून उलटा चालतो. आजच्या दिवस मला चुकीचे फिरवू द्या."

"तरीच. मघापासून तूच बिघडवतोयस."

"हो ना."

"फिरव मग, येईल तसे. गाढव मरतेय तिकडे."

पीळ चढला. तीन पदर झाले, तिन्ही एकत्र वळले गेले. बोधिसत्त्वाने विहिरीत उतरून गाढवाच्या पोटाखाली दोर बांधला. वर येताच गाढवाने पहिली लाथ त्यालाच मारली. असला उलट्या हाताचा माणूस घेऊनही दोर वळला, म्हणून लोकांनी कुंडकाला हार घातला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कुंडक म्हणजे कालपासून सर्वांशी अबोला धरलेला हा आपला भिक्षू. सुमना म्हणजे विहारात रोज माठ भरून ठेवणारी उपासिका. गाढव कोण ते विचारू नका, तेही इथेच बसले आहे. उलट्या हाताचा तो मी." दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून आपला बरोबरपणा गिळणे, या गुणाला क्षांती म्हणतात.

एवढेच सांगायचे राहिले. कुंडकाने त्याच संध्याकाळी निरोप धाडला होता, "उद्या ये, तुला सरळ फिरवायला शिकवतो." दुसऱ्या दिवशी सकाळी बोधिसत्त्व वेळेवर गेला आणि दुपारपर्यंत मन लावून शिकला. दोराला एकही पीळ बसला नाही.